नावाड्याचा धाकटा भाऊ

सिल्वासात मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘कुठल्या कंपनीत?’ आणि दुसरा ‘गाव कुठलं?’ आमच्या टोळक्यात तिसराही असतो, ‘नावाडी की काचबाई?’ जो म्हणेल ‘दोघंही आवडतात’, त्याच्याशी माझं फारसं जमत नाही. माझा स्वभाव तसा आहे, त्याला इलाज नाही.

नावाडी हा आमच्या लहानपणच्या हिंदी कॉमिक्सचा नायक. त्याने वल्हं आपटलं की पुरातली नदी जागच्या जागी थांबते. काचबाई दुसऱ्या प्रकाशनाची. तिचं अंग काचेचं, आणि तिच्यासमोर उभं राहिलं की तिच्या आत आपलाच भूतकाळ हलताना दिसतो. दोन्ही प्रकाशनं केव्हाच बंद पडली होती. मागच्या हिवाळ्यात ती कुणीतरी पुन्हा सुरू केली आणि या दोघांना एकाच अंकात आणलं. त्या अंकाचं पार्सल आलं तेव्हा मी ते कारखान्याच्या गेटवरच दातांनी फाडलं. सूत रंगवण्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळणारी, दोन मुलांची आई आहे मी.

रविवारी आम्ही किलवणी नाक्याजवळच्या एका भजीवाल्याकडे बसतो. पुण्याचा एक इंजिनीअर, एक कॉलेजातली मुलगी, मी आणि शिरपूरकडचा एक फिटर. भज्यांमुळे सगळ्यांचे हात तेलकट, म्हणून नियम असा की ज्याने खाल्लं नाही त्याने अंक धरायचा आणि सगळ्यांना वाचून दाखवायचा. त्या रविवारी मी उपाशी राहिले, कारण वाचायचं मला होतं.

गोष्टीतलं मोठं पान म्हणजे नावाडी काचबाईसमोर उभा राहतो ते. तिच्या आत त्याचा लहान भाऊ दिसतो, जो पुरात त्याच्या हातून सुटला होता. त्यानंतरच नावाड्याने शपथ घेतली की पुन्हा कुणाचा हात सोडणार नाही. ही जुनी कथा आम्हाला पाठ.

“अरे पण तो छोकरा तर मरेलो छे ने?” कॉलेजातली नेहमीसारखं गुजराती मिसळून म्हणाली. “मग तो मोठा झालेला का नाही दिसत?”

“मेलेला माणूस मोठा होत नाही,” इंजिनीअरने तिला समजावलं.

फिटरचं वेगळंच होतं. त्याने स्वतःचा अंक विकत घेतला होता, पण अजून उघडलाही नव्हता. आम्ही वाचत होतो तेव्हाही तो लांब, कढईपाशी जाऊन उभा राहिला होता. आता जवळ येऊन म्हणाला, “कोण मेला? नावाड्याचा भाऊ? तो मेला नाही ना, मॅडम. पलीकडच्या काठावर राहतो तो.”

आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसले असेन.

तो चिडला नाही. शांतपणे सांगत गेला. नावाड्याने हात सोडलाच नव्हता. त्याने भावाला इतक्या जोरात ओढलं की पोराचा उजवा खांदा निखळला. म्हणून तो भाऊ आता सगळं डाव्या हाताने करतो. शत्रूला कळू नये म्हणून तो पलीकडे लपून राहतो, एक शेळी पाळतो आणि रोज रात्री कंदील दाखवतो. तो कंदील दिसला की नावाडी झोपतो.

“हे कुठल्या अंकात आहे?” मी विचारलं.

“सगळ्याच. दादाने वाचून दाखवले मले.”

त्यानंतर कित्येक रविवार मी त्याला कोंडीत पकडायचा प्रयत्न केला. दुष्काळाच्या अंकात नदी कोरडी होती, तेव्हा हा भाऊ चालत अलीकडे का नाही आला? आला होता, म्हणे. नावाड्याच्या दारात पाण्याचा हंडा कुणी ठेवला असं वाटलं तुम्हाला? हंडा होता खरा, आणि तो कुणी ठेवला हे छापील अंकात कुठेच आलेलं नव्हतं. नावाडी तुरुंगात असताना होडी कोणी सांभाळली? दोरीची गाठ बघा, म्हणे, डावखुऱ्याची आहे. घरी जाऊन मी गाठ पाहिली. ती डावखुऱ्याची आहे की नाही हे मला आजही ठरवता आलेलं नाही, पण अंगावर काटा आला. मूळ लेखकांनी पन्नास ठिकाणी गोंधळ घातलाय. या फिटरच्या कथेत मला एक भोक सापडेना.

शेवटी तोच म्हणाला, “तो पुराचा अंक तुमच्याकडे आहे का? आमच्याकडचा रद्दीतला होता. शेवटचं पान नव्हतं त्याला. दादाने ते दुसरीकडून वाचून येऊन सांगितलं.”

माझ्याकडे पूर्ण अंक होता, नाशिकला आईकडे. पुढच्या खेपेला घेऊन आले. फिटरने तो दोन्ही हातांत धरला, पण उघडला नाही. “दादा येऊ दे,” म्हणाला. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. हा माणूस लहानपणापासून एका गोष्टीवर विसंबून होता आणि ती मोडणारं पान माझ्या पिशवीतून आलं होतं.

दादा टेम्पो चालवतो. जवळच्या रांधा गावाहून सुताचा माल भरून भिवंडीला नेतो. पुढच्या रविवारी त्याने टेम्पो नाक्यावर लावला आणि आमच्यात येऊन बसला. जाडजूड, पिकल्या मिशांचा माणूस. टेबलावरचा अंक त्याने एका नजरेत ओळखला आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

“दादा, याच्यात शेवटचं पान आहे,” फिटर म्हणाला.

“असंल.”

फिटरने अंक उघडला. शेवटचं पान मला न बघताही दिसत होतं. भरलेली नदी, रिकामा हात, आणि बाकी काही नाही. तो खूप वेळ त्या हाताकडे बघत राहिला.

“पान मीच फाडलं होतं,” दादा त्याच्याकडे न बघता आम्हाला सांगू लागला. “हा तेव्हा एवढासा. हिंदी याले येत नव्हती, मी वाचून सांगे. पान उलटायच्या आधीच याने माझं बोट धरून विचारलं, ‘दादा, तू असता तर सोडला असता का हात?’ मी पुढं पाहिलं, तर त्याने सोडलेला. मंग काय वाचू मी?”

एकदा नावाड्याचा भाऊ जिवंत ठेवला म्हटल्यावर पुढच्या प्रत्येक अंकात त्याला सांभाळणं आलं. नावाडी भावासाठी रडला की दादा ते वाक्य गाळायचा, त्या जागी कंदील पेटवायचा. फिटर हिंदी वाचायला शिकेपर्यंत रद्दीवाल्याकडे हे अंक येणंच बंद झालं. तोवर त्या पोराने, म्हणजे तेव्हा दादाही पोरच, एका श्रोत्यासाठी मालिकेच्या पोटात दुसरी मालिका चालवली होती. एवढी वर्षं मी या कॉमिक्सची जाणकार म्हणून मिरवते. असलं काही मी कधी पाहिलेलं नाही, कुणाकडून ऐकलेलंही नाही. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. भजीवाल्यासमोर बरं दिसलं नसतं म्हणून राहिले.

दादा रुमालाने उगाच टेबल पुसत होता. मग फिटरने पिशवीतून स्वतःचा नवा, कोरा अंक काढला, वरचं प्लास्टिक फाडलं आणि दादापुढे सरकवला.

“वाच.”

दादाने भजी खाल्ली नव्हती, तेव्हा नियमाने त्याचाच हक्क होता. तो हिंदी बघून मराठी वाचू लागला. आवाज जाड, टेम्पोच्या केबिनमध्ये ओरडून बसलेला, पण काचबाई बोलायला लागली की तो असा बारीक व्हायचा की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. ते मोठं पान आलं. काचेच्या आत बुडणारं पोर आम्हा सगळ्यांना समोर दिसत होतं. फिटरलाही.

दादा थांबला. त्याने भावाकडे पाहिलं. मग घसा खाकरून वाचलं, “काचबाईच्या आत त्याला पलीकडचा काठ दिसला. तिथं त्याचा भाऊ उभा. मोठा झालेला. उजव्या हातात कंदील.”

इंजिनीअरने मान डोलावली. कॉलेजातल्या मुलीने ओढणी डोळ्यांना लावली.

फिटरने मात्र पुढे वाकून बोट पानावर ठेवलं.

“दादा, चुकलास. कंदील डाव्या हातात. उजवा तर तू धरला व्हता.”