गतिरोधकासमोरचा वर्ग

ट्रॅक्टरचा आवाज माझ्या कानावर यायच्या आधी वर्गाला कळायचा. पट्ट्यांवर मांडी घालून बसलेल्या तिसरीच्या पोरांच्या मांड्या आधी सुटायच्या, मग ती उकिडवी व्हायची, मग एक करंगळी वर जायची.

"बाई, एकी."

"आत्ता तर जाऊन आलास."

"परत आली, बाई."

तोवर दुसरी करंगळी, तिसरी करंगळी. मग मला ऐकू यायचं. लांबून टेपवरचं गाणं आणि त्याखाली इंजिनाची घरघर. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे लावून ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेला असायचा. हंगाम सुरू झाला की माझ्या पोरांना लघवी ट्रॅक्टरच्या वेळेवर लागायची. पावसाळ्यात हीच पोरं दिवसभर जागची हलत नसत.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. पेठ वडगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, अगदी रस्त्याला चिकटून, आमची मराठी शाळा होती. राजारामपुरीतल्या घरून मी रोज एसटीनं जायचे. शिकवण्याची मला कधी धास्ती वाटली नाही. पाढे होतात, जोडाक्षरं होतात, हातच्याची वजाबाकीसुद्धा शेवटी होतेच. मला हवं होतं ते एवढंच, की सकाळी जितकी पोरं आली तितकी संध्याकाळी आपापल्या पायांनी घरी जावीत. त्या वर्षी एक पोरगी मला ते मिळू देणार नाही, अशी लक्षणं होती.

आधी गतिरोधकाचं सांगायला हवं. पूर्वी शाळेसमोरून गाड्या सुसाट जायच्या. आमच्या हेडमास्तरांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवून, पुढाऱ्यांच्या पाठी लागून गेटच्या बरोबर समोर गतिरोधक करून आणला. नारळ फुटला, पोरांना राजगिऱ्याचे लाडू वाटले. गुरुजींचं म्हणणं खरंच होतं, की पोरांच्या जिवासाठी या गावात आजवर कुणी एवढं केलं नव्हतं. मोटारी हळू झाल्या, एसटी हळू झाली. मग हंगाम आला आणि ट्रॅक्टरही हळू झाले, इतके हळू की चालणारं माणूस पुढे जाईल. आजवर धावून हाती न लागणारा ऊस आता शाळेच्या दारात येऊन रेंगाळायला लागला.

सगळी पोरं ऊस ओढायची, पण ही पोरगी निराळी. अंगानं काडी, दोन वेण्या, निळा स्कर्ट एका बाजूला कायम खाली आलेला. मुलगे चालत्या ट्रॉलीमागे झोंबाझोंबी करायचे आणि अर्धं कांडं घेऊन परतायचे. ही निवांत जायची आणि अख्खा ऊस घेऊन यायची. मग गुडघ्यावर मोडून वाटायची. घरात खायला नव्हतं असंही नाही. बापाचा स्वतःचा ऊस होता. हे काम तिला यायचं, म्हणून ती करायची.

मी काय काय केलं. खिडक्या लावल्या. वर्गात अंधार झाला आणि पोरांनी अंधारात नुसत्या आवाजावरून ट्रॅक्टर कुणाचा ते ओळखायला सुरुवात केली. अंगठे धरायला लावले. अंगठे धरून वाकलेली पोरं पायांच्या मधून रस्त्याकडे बघायची. छडीही दिली. ती पोरगी हात पुढे करायची, खायची आणि जागेवर बसताना शेजारणीला म्हणायची, "येवढी काय लागत न्हाय." तिच्या आईला बोलावलं, तर आई म्हणाली, "बाई, बडवा की खुशाल. आमी काय न्हाय म्हणत न्हाय. घरात बी ऐकत न्हाय ती."

मग तालुक्याला आमचं एक प्रशिक्षण झालं. चहा-बिस्किटं, फळ्यावर आकृत्या. शिकवणाऱ्या साहेबांनी सांगितलं, वर्गातल्या सगळ्यांत खोडकर मुलाला मॉनिटर करा, जबाबदारी अंगावर पडली की तो सुधारतो. मला पटलं. दुसऱ्या दिवशी मी तिला मॉनिटर केलं.

सुधारणा झाली. त्या आठवड्यात माझा वर्ग शाळेत सगळ्यांत शिस्तीचा होता. प्रार्थनेला कधी सरळ उभी न राहिलेली पोरं मधल्या सुट्टीत गेटच्या आत ओळीनं उभी असायची. आज कुणाची पाळी, उद्या कुणाची, हे ठरलेलं. लहान पोरं मागं, ढकलाढकली केली की पाळी गेली. हे सगळं तिनं बसवलं होतं. गुरुजी व्हरांड्यातून बघून म्हणालेही, "बाई, तुमच्या पोरांत फरक पडलाय." फरक पडलाच होता. आधी चार-दोन धाडसी पोरं ट्रॉलीजवळ जायची, आता पाळीनं सगळीच जाऊ लागली.

मला तेव्हा डबा बसून खाता येईना. पोळीची गुंडाळी हातात धरून मी गेटपासून शाळेमागच्या विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून गेटपर्यंत चालायचे. विहिरीकडे असले की गेटवर काय चाललंय याचा घोर, गेटवर असले की माघारी भिंतीवरून कोण उडी मारतंय याचा.

एका दुपारी सुट्टी संपली, पोरं आत आली, मी भागाकार घातला. वर्ग गप्प होता. हा वर्ग भागाकारानं कधी गप्प झालेला नव्हता. मी पट्ट्यांमधून चालत गेले, तर ती पोरगी एक पाय दुसऱ्या मांडीखाली दडवून बसलेली. दाराबाहेर चपलांच्या ढिगात तिची एकच चप्पल होती.

"दुसरी कुठाय?"

सगळ्यांच्या माना पाट्यांवर. शेवटी एक पोरगा म्हणाला, "रस्त्यावर हाय, बाई. चपाती झाली तिची."

मी जाऊन घेऊन आले. दिवाळीतली नवी चप्पल, त्यावर टायरच्या नक्षीचा ठसा. मागच्या ट्रॉलीचं चाक तिच्यावरून गेलं होतं. पायावरून का गेलं नाही, याला काही कारण नव्हतं.

पोरांना अवांतर वाचन दिलं आणि तिला व्हरांड्यात घेतलं. रागवायला तोंड उघडलं, पण बाहेर आला तो प्रश्नच.

"झालं काय ते सांग. खोटं नको."

"ऊस सुटलाच न्हाय, बाई. मोळीत आवळून बसला हुता. मी सोडला न्हाय. मग वडलं मला."

"सोडायचा ना मग."

"सोडलं तर पाळी जाती की."

"एवढी काडी तू. अख्खा ऊस तुला ओढवतो कसा?"

तिनं माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. तिला वाटलं असावं, पंधरा वर्षं मास्तरकी केली आणि बाईंना एवढंही माहीत नाही.

"आपण वडायचंच नसतंय, बाई. नुस्तं धरून उभं ऱ्हायचं. ट्रॉली म्होरं जातीया, ऊस हातात ऱ्हातोय."

"आणि ट्रॉली थांबली तर?"

"मग कुणाच्या बापाला बी निघत न्हाय."

तिला आत पाठवलं आणि ती चप्पल पिशवीत घातली.

संध्याकाळी गुरुजींपुढे विषय काढला. "गतिरोधक तिकडं ओढ्याच्या बाजूला नेता येईल का?"

"बाई, ती काय सतरंजी आहे का, उचलली आणि तिकडं टाकली?" त्यांना लागलं ते मला दिसत होतं. "त्याच्यासाठी मी किती हेलपाटे घातलेत, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. मग उद्यापासून मी ट्रॅक्टर थांबवणार."

"थांबवा. मी नको म्हणतो का? पण थांबवून करणार काय?"

मी चपलेची पिशवी उचलली आणि एसटीला निघाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कालचंच ओळखीचं गाणं लांबून आल्याबरोबर मी रस्त्यावर गेले आणि गतिरोधकावर उभी राहिले. ट्रॅक्टर आला, माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर चाळिशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"बाई, मराल की."

"टेप बंद करा."

त्यानं आवाज कमी केला. मी पिशवीतून ती चप्पल काढून त्याच्यापुढे धरली.

"ही माझ्या वर्गातल्या पोरीची. काल तुमच्या मागच्या ट्रॉलीखाली गेली."

त्यानं टेप बंद केला. खाली उतरला. चप्पल हातात घेऊन उलटीपालटी केली.

"आन् पोरगी?"

"ती काय, गेटात उभी आहे."

"बाई, आदी पोरगी सांगायची, मग चप्पल दावायची. हितं जीव गेला माझा." तो चाकाला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "आमास्नी मागचं काय दिसतंय व्हय? दोन ट्रॉल्या. रोज हितनं जाताना मी देवाचं नाव घेतो. असं करतो, रोज एक मोळी टाकून जातो दारात. खाऊ द्यात पोरं."

"नको. मागे एका शेतकऱ्यानं टाकली होती. पाण्याच्या टाकीमागं वाळून गेली. फुकट मिळालेला ऊस खात नाहीत ती."

"मग काय करू म्हणता? उडवत नेऊ गाडी?"

"थांबा."

"थांबलोयच की."

"रोज थांबा. मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना. हळू व्हायचं नाही, पूर्ण थांबायचं. पोरांना ओढू दे. सगळी गेटच्या आत गेली, मी हात केला, की निघायचं."

"भरल्याली गाडी थांबवून परत उचलायची म्हंजे काय असतंय, ठावं हाय का? क्लच जळतोय, बाई."

"क्लच नवा बसतो."

त्यानं चप्पल मला परत दिली. "तुमचं मालक कसं बोलत्यात वो तुमच्यासंगं?"

"कमी बोलतात."

तो हसला आणि गेटाकडे वळून ओरडला, "या रं. बाईंनी परमिशन दिलीया. वडा."

पोरांचा विश्वास बसेना. मग सगळी एकदम सुटली. एकेकानं ऊस धरला, रेटा दिला. काही निघेना. एकानं ट्रॉलीला पाय लावून जोर केला, हातात नुसतं पाचट आलं आणि तो मागच्या मागे रस्त्यात बसला. दोघांनी मिळून एक धरला, तो वाकला, पण आला नाही.

"दम न्हाय व्हय रं?" ड्रायव्हर म्हणाला. "भाकरी खाता का न्हाय?"

ती पोरगी पुढे आली नव्हती. गेटाला पाठ लावून, हात मागे घेऊन उभी होती. तिला काय होणार ते ठाऊक होतं.

दोन-चार दिवस पोरांनी जोर करून बघितला. मग त्यातली गंमत गेली. शेजारी बाई उभ्या, ड्रायव्हर खिजवतोय आणि हाताला फक्त कुसळं. करंगळ्या कमी झाल्या. ड्रायव्हरनं कारखान्याच्या आवारात, गाड्या नंबर लागायची वाट बघत उभ्या असतात तिथं, इतरांना सांगितलं. काही थांबायला लागले. एक जण मला बघितलं की लांबूनच टेप बंद करायचा. काही मात्र थांबायचे नाहीत. लांबच्या गावांचे, हंगामापुरते आलेले ड्रायव्हर, त्यांना कोण सांगणार? म्हणून माझं गेटवर उभं राहणं काही सुटलं नाही आणि डबा उभ्यानंच चालू राहिला.

मॉनिटरकी मी तिच्याकडून काढून घेतली नाही. ओळ लावायला तिच्यासारखं दुसरं कुणी नव्हतं. पण ती माझ्याशी बोलेना. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची, तेवढंच. एकदा पाटी दाखवायला आली आणि उत्तर बरोबर आहे असं मी म्हटल्यावरही हलली नाही.

"तुमी मज्जा घालवलीसा, बाई."

"होय."

"आन् मीच सांगितलं हुतं तुमास्नी."

तिचं म्हणणं रास्त होतं. मी पाटी परत दिली आणि पुढच्या पोराला हाक मारली.

हंगाम संपत आला होता तेव्हाची एक संध्याकाळ. शाळा सुटत होती. कुणाचे तरी वडील दाखला मागायला आले होते आणि त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं होतं. अर्धी पोरं गेटच्या बाहेर पडली होती. तेवढ्यात आवाज आला. गाणं अनोळखी होतं, म्हणजे ट्रॅक्टरही अनोळखी. मी त्या गृहस्थांना तसंच सोडून निघाले, पण पटांगण मोठं आणि मध्ये पोरंच पोरं.

ट्रॅक्टर गतिरोधकावर हळू झाला. थांबला नाही. पहिली ट्रॉली गेटसमोर आली. ती पोरगी रस्त्याच्या अगदी कडेला होती. तिनं दोन्ही पाय चपलांतून बाहेर काढले. ती चप्पल चाकाखाली गेल्यापासून पळायच्या आधी ती तेच करायची. उसाचं एक टोक तिच्या खांद्याएवढ्या उंचीवर बाहेर आलेलं होतं, चालत होतं, सहज हाती येण्यासारखं. मी हाक मारली, पण टेपच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही.

पहिली ट्रॉली गेली. दुसरी गेली. ती अनवाणी उभी होती, हात मागे. बाकीची पोरं तिच्याकडे बघत होती, तीही उभीच.

मी पोहोचले तेव्हा ती चपला घालत होती.

"बाई, त्यो थांबला न्हाय."

स्वर तक्रारीचा होता. त्यानं नियम मोडला ही तक्रार होती, की चालता ऊस हातचा गेला ही, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

"बघितलं मी. घरी जा. कडेनं जा."

ती गेली. तिच्यामागून तिची ओळ गेली. मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोरं पांगेपर्यंत बघत राहिले. लांबून परत एक इंजिन ऐकू येत होतं. ती माझी एसटी होती की आणखी एक ट्रॅक्टर, ते कळेपर्यंत मी गेटवरून हलले नाही.