आळशी डोळा आणि शहाणी माणसं

आमच्या तंजावूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत. ते आपल्या पायांनी येतात, नंबर लावतात आणि आत आल्यावर मलाच शहाणपण शिकवतात! दुपारी ओपीडी संपली की आमचे कंपाउंडर कोदंडराव, नर्स सेल्वी आणि मी फिल्टर कॉफी घेऊन बसतो. ते दोघं हसतात. माझं डोकं फिरतं.

कारण गोष्ट एवढीशी असते. लहान मुलाचा एक डोळा अधू असला की मेंदू त्याच्याकडून काम घेणंच सोडून देतो. वेळेवर कळलं तर चष्मा द्यायचा, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची आणि या आळशाला कामाला जुंपायचं. मूल मोठं झालं की मग फारसं काही हातात राहत नाही. आणि मूल स्वतः सांगणार कसं? त्याला वाटतं, सगळ्यांना असंच दिसतं!

*

गावात केबल येऊन दीडेक वर्ष झालं होतं. ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतले एक हेडक्लार्क मुलाला घेऊन आले.

"टीव्हीला नाक लावून बसतो, डॉक्टरम्मा. केबलनं डोळे खाल्ले! मी त्याच दिवशी वायर कापवली."

"छान. कधी कापवलीत?"

"झालं की वर्ष."

वायर कापायला माणूस त्याच दिवशी, आणि पोराला डॉक्टरकडे आणायला वर्ष! मुलगा जवळ बसत होता कारण त्याला लांबून दिसतच नव्हतं. हे मी ओरडून सांगितलं. बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू गेलं म्हणे. जाऊ दे!

*

राजवाड्याजवळच्या गल्लीतल्या एक आजी. नातीचा डोळा तिरळा. मी म्हटलं, लगेच उपचार करू. आजी माझ्यावरच उखडल्या.

"नक्को! तिरळा डोळा लक्ष्मीचा, अम्मा. ही चिमुकली पाप्पा जन्मली नि हिच्या अप्पाला प्रमोशन मिळालं!"

"प्रमोशन झालं ना कायम? मग आता तरी डोळा सरळ करू द्या!"

आजी उठून गेल्या. पोरगी दारातून मागं वळून बघत होती, एकाच डोळ्यानं. त्या दिवशी मला कॉफी गेली नाही.

*

शिकलेले तरी बरे असतील म्हणता? कॉलेजात फिजिक्स शिकवणारे एक प्रोफेसर. मुलाच्या चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावा, असं त्यांना चार वेळा बजावलं. महिन्याभरानं आले, तर पट्टी अधू डोळ्यावर!

"बिचारा अशक्त डोळा," ते मलाच समजावू लागले. "त्याला विश्रांती नको?"

"सर, वर्गात कच्च्या मुलाला तुम्ही सुट्टी देता?"

"छे! स्पेशल क्लास घेतो."

 

*

पण तिरुवैयारूच्या भागवतारांना तोड नाही. घरी गाणं शिकवतात, पन्नास शिष्य. मुलगी पाच वर्षांची. डावा डोळा जवळजवळ काम सोडून बसलेला. भिंतीवरच्या तक्त्यात पहिल्या मोठ्या अक्षराच्या खाली काही वाचेना. भागवतार मात्र शेजारी बसून तक्ता वहीत उतरवून घेत होते. मी त्यांना समोर बसवून सांगितलं, "आत्ता नाही केलंत तर हा डोळा जन्मभरासाठी गेला. पट्टी लावा, पोरगी रडली तरी लावा. दोन महिन्यांनी या."

आले. मुलगी नव्या पावाडैत, पायघोळ रेशमी परकरात, केसांत मोगरा. मी उजवा डोळा झाकला. म्हटलं, वाच.

पहिली ओळ धडाधड. दुसरी, तिसरी, चौथी! सेल्वीनं टाळ्या वाजवल्या. मला भरून आलं. मी भागवतारांना म्हटलं, "रोज पट्टी लावलीत ना?"

"पट्टी नक्को म्हणून रडायची ओ, अम्मा," ते हसून म्हणाले. "पण साधना सोडली नाही. रोज सकाळी बसवलं हिला."

मी उठले आणि तक्त्याच्या पेटीतला दिवा बंद केला. भिंत काळी झाली.

मुलगी पाचव्या ओळीवर होती. ती थांबली नाही. सहावी, सातवी, एकही अक्षर न चुकता शेवटपर्यंत म्हणत गेली, आणि शेजारी बाप डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसला होता.