दुर्गाघाटावर परत आलेली धोतरं

लल्लननं धोतराची घडी उकलून पाहिली, होती तशी परत घातली आणि पायरीवर ठेवली. तिच्यावर पितळी लोटा ठेवला, शेजारी छत्री. मग मला म्हणाला, "ई ना लेब, भइया. ई मरनी क सामान हौ."

त्याच्या मागच्या मल्लाहांनी, बाकीच्या नावाड्यांनीही हातातलं सामान खाली ठेवलं. आवाज कुणी चढवला नाही.

ही नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यातली गोष्ट. मी बनारसच्या एका हिंदी दैनिकात सिटी रिपोर्टर होतो आणि राहायला दुर्गाघाटावरच. दोन दिवसांपूर्वी भर दुपारी आंधी आली. एकमेकींना बांधलेल्या नावांची अख्खी रांग वाऱ्यानं दगडी पायऱ्यांवर आपटली. अकरा नावा फुटल्या. मल्लाहांच्या वस्तीतले पत्रे उडाले. जीव कुणाचा गेला नाही. पंचनाम्यात घरं लिहिली गेली. नाव म्हणजे घर नव्हे, म्हणून नावा भरपाईबाहेर राहिल्या. फुटलेले सांगाडे खालच्या पायऱ्यांवर पडून होते. पावसाळ्यात गंगा चढली की तेही वाहून जाणार आणि त्यांच्याबरोबर अकरा घरांची रोजी.

मदत आमच्या गल्लीनं जमवली होती. इथली मराठी घरं बहुतेक पुरोहितांची. यजमान दान देतात, ते माळ्यावर साठतं. कुठली वस्तू कुठल्या विधीतली, हे आम्ही विसरून जातो. मल्लाह विसरत नाहीत. यजमानाला तेच नावेतून आणतात आणि विधी समोर बसून बघतात. धोतर, लोटा आणि छत्री एकत्र दिसली की हे गेलेल्या माणसाच्या नावचं दान, हे त्यांना लांबून कळतं. असं दान घेणारा मेलेल्याचं ओझंही घेतो, अशी समजूत आहे.

"हमरे घर में केहू मरल ना हौ," लल्लन म्हणाला. "नाव टूटल हौ."

मी कारणासकट कॉपी लिहिली आणि संध्याकाळी डेस्कवर दिली. डाक एडिशनची वेळ झाली होती. बाहेरच्या जिल्ह्यांत गाडीनं जाणारा अंक तो; त्याची पानं आधी सुटतात. सिटी इन्चार्ज मिसिरजींनी कॉपी वाचली आणि वर हेडिंग लिहिलं : 'मल्लाहों ने राहत ठुकराई'.

"सर, ये गलत है."

"लौटाई कि नहीं लौटाई?"

"लौटाई. लेकिन क्यों, वो लिखा है."

"क्यों हेडिंग में नहीं आता. और सुनो, लकड़ीवाले सेठजी तख्ते देने को राज़ी थे, फोटो के साथ. जो धोती लौटाए, वो तख्ता भी लौटाएगा. मना कर देता हूँ."

"तख्ता नहीं लौटाएँगे. तख्ता माँग रहे हैं."

"तो हेडिंग के साथ जाने दो. फोटो कल देखेंगे."

हे हेडिंग वाचून कोणता सेठ लाकूड देणार होता? आणि बातमी नाही तर फोटो नाही, फोटो नाही तर लाकूड नाही. लाकूड दोन्हीकडून जात होतं. निदान बदनामी तरी त्यांच्या माथी नको, म्हणून मी कॉपी टेबलावरून उचलली.

"रखो उसे," मिसिरजी म्हणाले.

"हेडिंग आपका है, छापिए. कॉपी मेरी है. दूसरी चाहिए तो किसी को घाट भेजिए."

पान सुटायला वीस मिनिटं होती. कुणाला पाठवणार? नावा फुटल्याच्या चार ओळी सिंगल कॉलममध्ये लागल्या. मला महिनाभर बाजारभाव लिहायला बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनायककाकांकडे गेलो. गल्लीतून सामान जमवण्यात तेच पुढे होते. ते चिडून येरझारा घालत होते.

"आमचं दान बाटलं होय रे, श्रीकांत? चार पिढ्या यांच्या नावेत बसतोय आपण!"

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माळ्यावर चौदा छत्र्या आहेत. गेल्या सावनात भिजत आलात, पण एक तरी उघडलीत का हो?"

काका थांबले. "ते वेगळं."

"काय वेगळं? तुम्हाला नको, ते त्यांनी घ्यायचं?"

काकांनी उपरणं खुंटीला अडकवलं आणि उघड्या अंगानं घाट उतरले. मीही मागोमाग गेलो. सेठचं लाकूड येणार नाही, हे लल्लनला मलाच सांगायचं होतं. सांगितलं.

"जाए द," तो म्हणाला. मग काकांकडे वळला. "चार नाव तोड़ के सात बनाइब, शास्त्रीजी. लकड़ी हौ. आदमी चाही."

नावेची डागडुजी तळाकडून होते. आधी ती पालथी करावी लागते आणि मोठ्या नावेला वीस माणसं लागतात. मग फळ्यांच्या फटींत सुतळी ठोकून वरून डांबर लावतात. ते काम त्यांना येत होतं. कमी होते ते हात.

काका वर गेले आणि गल्लीतले पुरोहित घेऊन आले. बँकेतले जोशी ऑफिसला निघाले होते, तेही पँट दुमडून उतरले. पहिली नाव पालथी होताना वरच्या पायरीवरून एका पंड्यानं वल्हं मारल्याची नक्कल करत टोमणा मारला, "का गुरू, अब नाव खेइहो?"

"खेवेंगे!" काका खालून ओरडले. "तू बैठेगा? पहले नहाके आ!"

लल्लन इतका हसला, की त्याच्या हातून दोर सुटता सुटता राहिला.

काम बावीस दिवस चाललं. सकाळची पूजा आटपली की माणसं उतरत. मीही ऑफिसच्या आधी दोन तास जात असे. काकांच्या हातांना डांबर चिकटलं, म्हणून दोन यजमान दुसऱ्याकडे गेले. काकांनी त्यांना बोलावणं धाडलं नाही. पाणी चढायला लागलं तेव्हा खालच्या पायऱ्या रिकाम्या होत्या. सात नावा पाण्यात होत्या. अकरा घरांनी त्या पाळी लावून वाटून घेतल्या.

मिसिरजींनी यावर फीचर मागितलं. मी लिहिलं, हेडिंगसकट. त्यांनी ते बदललं नाही.

तेव्हापासून मदतीच्या बातमीत कुणाला काय हवं होतं हे मी पहिल्या ओळीत लिहितो आणि देणाऱ्याचं नाव शेवटच्या. जागा कमी पडली की डेस्क बातमी खालून कापतं.