पुलाच्या पिक्चरमधला आवाज

माझी आत्या बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे, कुठलीला उशीर आहे, कुणाचं लहान मूल चौकशी खिडकीपाशी रडत उभं आहे, हे सगळं तिच्या तोंडून गावाला कळायचं. तिच्या खोलीला खिडकी होती, पण ती आगारातल्या गाड्या धुण्याच्या जागेकडे उघडायची. त्यामुळे ज्या गाड्यांची नावं ती दिवसभर घ्यायची, त्या तिला दिसायच्या त्या ओल्या आणि रिकाम्या. स्थानकातले लोक तिला फलाटबाई म्हणायचे. पुढे घरातही तेच नाव पडलं.

तिचा आवाज गोड वगैरे नव्हता, पण ऐकणाऱ्याला धीर यायचा. उशिराची घोषणा ती अशी करायची, की तावातावाने उठलेली माणसं पुन्हा बाकावर टेकायची. अशाच एका रखडलेल्या गाडीची वाट बघत बसलेला एक माणूस एके दिवशी चौकशी खिडकीवर आला आणि म्हणाला, "आत बोलतात त्या बाईंना भेटायचंय."

खिडकीतल्या कारकुनाला वाटलं, तक्रार आहे. "काय चुकलं हो त्यांचं?"

"चुकलं काही नाही. त्यांना रडता येतं का, एवढंच विचारायचं होतं."

हा माणूस परदेशी चित्रपटांना आपल्या भाषेतले आवाज द्यायचं, म्हणजे डबिंगचं काम करायचा. नायिकेसाठी ठरवलेल्या बाईंचा घसा ऐन वेळी बसला होता. आत्याने घरी विचारलं तेव्हा आजोबा ताठ झाले. "पिक्चरमध्ये?"

"पिक्चरमध्ये नाही, बाबा. पिक्चरच्या मागे."

मागे असेल तर हरकत नाही, असं ठरलं.

स्टुडिओ एका गादीवाल्याच्या दुकानावर होता. भिंतींना खालूनच आणलेल्या गाद्या ठोकल्या होत्या, म्हणून खोलीत कायम नव्या कापसाचा वास यायचा. ध्वनिमुद्रण सुरू झालं की पंखा बंद करायला लागायचा, कारण तो घरघर करायचा. काचेपलीकडे आवाज भरणारा तरुण बसायचा. त्याचा एक हातच काय तो नीट दिसायचा. बोट वर केलं की बोलायचं, तळवा दाखवला की थांबायचं. तोंडाने तो काही म्हणजे काही बोलायचा नाही. दिवसभर दुसऱ्यांचे आवाज कानात भरल्यावर स्वतःच्या आवाजाला जागाच उरत नसावी, असं आत्या म्हणायची. हेच पुढे माझे आतोबा झाले.

ते झाले कसे, ती गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. त्या चित्रपटाचं खरं नाव कुणी घ्यायचं नाही, आम्ही त्याला 'पुलाचा पिक्चर' म्हणायचो. एका बाईचं मूल नदीपलीकडच्या दवाखान्यात असतं, नदीला पूर येतो आणि तिला काहीही करून पलीकडे जायचं असतं. पुलाच्या तोंडाशी एक पहारेकरी तिला अडवतो. त्याला साऱ्या पिक्चरमध्ये एकच वाक्य आहे, "थांबा! पूल खचलाय." ते बोलणारा नट त्या दिवशी आलाच नाही. त्याची बस चुकली होती. कुठली आणि कितीची, ते आत्याने लगेच सांगितलं.

"तूच बोल रे," डबिंगवाले आवाज भरणाऱ्याला म्हणाले. काचेपलीकडचा माणूस काचेच्या अलीकडे आला, आत्याच्या शेजारी, एकाच माइकसमोर उभा राहिला आणि इतक्या हळू "थांबा" म्हणाला, की जणू चहा घेऊन जा म्हणतोय.

"अहो, ती बाई पुढे गेली तर मरेल!" डबिंगवाल्यांनी डोक्याला हात लावला.

मग आतोबांनी पडद्याकडे बघायचं सोडून आत्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हटलं.

"मी खरंच थांबले गं," आत्या सांगायची. "पुढचं वाक्य माझं होतं. मी बोललेच नाही. नशीब, पडद्यावरची बाईही तेवढ्यात गप्पच उभी होती."

वर्षाच्या आत लग्न झालं. पिक्चर लागला तेव्हा आमचं अख्खं घर बघायला गेलं होतं. परदेशी बाईच्या तोंडून फलाटबाई बोलायला लागल्या तशी मागच्या रांगेतून कुणी तरी म्हणालं, "आता ही गाडी कुठल्या फलाटावर लागतेय?" आजोबा मागे वळून त्याच्याशी भांडले. पुढे टीव्हीवर एकदा तो पिक्चर लागला आणि शेजाऱ्यांनी त्याची कॅसेट करून दिली. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं जमलो की ती कॅसेट लागायची, आणि पहारेकरी आला की घरभर ओरडा व्हायचा. आतोबा तेवढ्यात उठून पाणी प्यायला जायचे. एके वर्षी फितीला बुरशी आली आणि घर बदलताना ती कॅसेट गेली. कुणाला काही वाटलंही नाही.

वाटलं ते आतोबा गेल्यावर. आत्याला त्यांचा आवाज ऐकावासा वाटला आणि तेव्हा लक्षात आलं, की तो कुठेच नाही. घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात माइक त्यांच्या हातात असायचा. सगळ्यांचं बोलणं त्यांनी जपून ठेवलं होतं, आणि ते स्वतः मात्र यंत्रामागे. फोनवरसुद्धा "हं" आणि "ठेवतो" यापलीकडे जायचे नाहीत.

"ह्यांचं एकच वाक्य आहे बघ जगात," आत्या मला म्हणाली, "आणि ते त्या पिक्चरमध्ये आहे."

आमच्याकडे तेव्हा नवा टीव्ही आला होता. त्यावर चित्रपट भाड्याने मिळायचे. पैसे भरायचे, आणि एकदा सुरू केला की दोन दिवसांत बघून संपवायचा. मी शोधला, आणि पुलाचा पिक्चर चक्क सापडला! मी आत्याला घेऊन आले. ती ठेवणीतली साडी नेसून आली होती. पिक्चर सुरू झाला, नायिका पाठमोरी चालत आली, वळली, आणि भलत्याच भाषेत बोलली.

आत्या माझ्याकडे बघायला लागली. "हिला काय झालं?"

मी रिमोटची सगळी बटणं दाबून बघितली. मूळ भाषा होती, खाली अक्षरं होती, आपली भाषा नव्हती. मी ग्राहक सेवेला फोन लावला. तिथल्या मुलीने मला करार बघणाऱ्या एका गृहस्थांकडे दिलं. ते जुन्या चित्रपटांचे शौकीन निघाले, म्हणून एवढं बोलले तरी.

"पिक्चर एकाचा असतो बाई, आणि तुमच्या भाषेतला आवाज दुसऱ्याचा. आमच्याकडे चित्राचा करार आहे. आवाज इथल्या एका वितरकाने केला होता. त्याचा करार केव्हाच संपला."

"मग नवा करा ना."

"कुणाशी? आणि त्या जुन्या कागदात काय लिहिलंय माहितीये? थिएटरात दाखवायचा हक्क, टीव्हीवर, कॅसेटवर, अगदी बोटीवरच्या प्रवाशांना दाखवायचा हक्कसुद्धा आहे. घरबसल्या भाड्याने बघायची सोय तेव्हा कुणाच्या डोक्यातच नव्हती. त्यामुळे तिचं नाव नाही. नाव नाही म्हणजे हक्क नाही."

"म्हणजे बोटीवर बसलो तर बघता येईल?"

ते हसले. "नाही हो. तेही संपलं." त्या वितरकाचा जुना पत्ता मात्र त्यांनी दिला.

तिथे आता चष्म्याचं दुकान होतं. वितरक वारले होते आणि त्यांची मुलगी ते दुकान चालवत होती. मुलगी म्हणजे आत्याहून थोडीच लहान. काचेच्या कपाटांत चष्म्यांच्या चौकटी मांडलेल्या, समोरच्या भिंतीवर लहान होत जाणारी अक्षरं. आत्याने आपलं काम सांगितलं. बाई तिचं बोलणं ऐकता ऐकता हातातला चष्मा पुसायची थांबली.

"पुलाचा पिक्चर ना? त्याच्या फिती नाहीत हो आता. करारात कलमच होतं, मुदत संपली की सगळ्या पुसून टाकायच्या. बाबा म्हणत होते, एखादी राहू दे कपाटात, कोण येतंय बघायला? पण त्यांचे एक आवाजवाले होते..."

"उंच? जरा वाकलेले?" आत्याने विचारलं.

"हो, तेच. फार सज्जन. पण हट्टी! ते म्हणाले, 'सही केलीत ना तुम्ही? मग झालं.' स्टुडिओतून यंत्र घेऊन आले आणि इथेच बसून दुपारभर एकेक फीत पुसली. मी तेव्हा कॉलेजात होते, त्यांना चहा मीच करून दिला होता. शेवटची पुसायच्या आधी मात्र त्यांनी ती एकदा ऐकली. कानाला यंत्र लावून, डोळे मिटून."

"कुठली होती ती?"

"ते कसं सांगू? हसत होते, एवढं आठवतं. मग पुसली."

घरी गेल्यावर आत्याने भिंतीवरचा आतोबांचा फोटो काढला, कपाटात ठेवला आणि कपाटाचं दार लावलं.

"बसा आत," ती म्हणाली. "मला एका शब्दाने सांगितलं नाही."

माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, समजूत घालायला गेले. "अगं ताई, गेलेल्या माणसाशी कसला अबोला?"

"जिवंतपणी कधी धरला नव्हता. राहून गेला होता."

आठवडाभर फोटो कपाटात होता. मग एका सकाळी मी गेले तर तो परत भिंतीवर. काच पुसलेली. आत्या चहा गाळत होती आणि आपण होऊन म्हणाली, "पण तसेच होते गं हे. दुसऱ्याचा वापरून झालेला खिळासुद्धा परत नेऊन द्यायचे. त्या बाईने सांगितलं ना, तेव्हा मला ते तिथे बसलेले दिसले. आवाजापेक्षा ते जास्त दिसले." मग कप माझ्या हातात देत म्हणाली, "लाव तो पिक्चर. मूळ आवाजात तर मूळ आवाजात."

मी लावायला गेले, तर 'सध्या उपलब्ध नाही' अशी पाटी. पुन्हा त्याच गृहस्थांना फोन केला. आता चित्राचाही करार संपला होता. दुसऱ्या कुणी तरी घेतला असेल, त्यांच्याकडे येईल, कधी ते सांगता येत नाही. आत्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "गाडीला उशीर आहे, असं म्हण ना सरळ," ती म्हणाली.

बरेच महिने गेले. एके दिवशी माझ्या आतेबहिणीने दुसऱ्याच एका भाड्याच्या सेवेवर तो पिक्चर पाहिला आणि तिने मला ओरडूनच फोन केला, "अगं, आपल्या भाषेत आहे! लिहिलंय खाली!" त्या रविवारी दुपारी आम्ही सगळे आत्याच्या घरी जमलो. जुनी भावंडं, त्यांची मुलं, वडील, खुर्च्या पुरेनात म्हणून गाद्या खाली घातल्या. नायिका वळली आणि बोलली. आपल्या भाषेत, पण एका तरुण, तुकतुकीत आवाजात. शाम्पू विकायला निघाल्यासारखी.

कुणी कुणाकडे बघेना. जुन्या आवाजाचा वारस शोधत बसण्यापेक्षा नव्याने डबिंग करून घेणं त्यांना स्वस्त पडलं होतं, हे मला नंतर कळलं.

"बंद करू का, आई?" आतेबहिणीने हळूच विचारलं.

"का? पैसे भरलेत ना?" आत्या म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढून बसली. ती पूर्ण लक्ष देऊन ऐकत होती. "पोरगी चांगली आहे. श्वास तेवढा चोरते. सांगायला पाहिजे होतं कुणी तरी." पहारेकरी आला. नव्या आवाजात गुरगुरला, "थांबा, पूल तुटलाय." मुलांपैकी एक जण ओरडणार होता, तो आईकडे बघून गप्प बसला.

"आता मूळ आवाजात लाव बघू तेवढंच," आत्या मला म्हणाली.

मी मागे नेऊन भाषा बदलली. पुराचं पाणी, पुलाचं तोंड, पहारेकऱ्याने हात वर केला, आणि त्याच्या त्या रुंद छातीतून असा काही बारीक, किरटा आवाज निघाला, की आत्या आधी दचकली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला हसताना बघून आम्ही सगळेच हसलो. वडिलांना ठसका लागला.

"अगंबाई! असा होता होय हा? मी कधी ऐकलाच नव्हता. तेव्हा माझ्या कानात सगळं माझंच चाललेलं." ती डोळे पुसत होती, आणि ते हसूनच ओले झाले होते की काय, हे मी विचारलं नाही. "ह्यांनी त्याला माणसात आणला बघ. पुन्हा लाव."

आम्ही तो पहारेकरी किती वेळा ऐकला कोण जाणे. मग मुलांनी विचारलं, आतोबा कसे म्हणायचे, तर प्रत्येकाने आपापलं करून दाखवलं. माझे वडील फार जोरात म्हणाले, आतेबहीण फार नाटकी. आत्या प्रत्येकाला नाही म्हणत होती. तिने स्वतः म्हणून दाखवावं म्हणून सगळे मागे लागले, पण ती उठली आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.

तिने दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात फोन केला. सहज, पिक्चर लागला होता हे सांगायला. त्या बाईंनी दुकान बंद करून घरी पिक्चर भाड्याने घेतला, बघितला आणि तिला परत फोन केला. तेव्हापासून दोघींचं जमलं आहे. एकीला वडिलांबद्दल बोलायचं असतं, दुसरीला नवऱ्याबद्दल. फिती पुसल्या त्या दुपारी चहात साखर किती घातली होती, आतोबांनी दुसरा कप मागितला की नको म्हणाले, यावर त्यांचा मागच्या महिन्यात वादही झाला. आत्या म्हणते, ते दुसरा कप कधीच घ्यायचे नाहीत. त्या म्हणतात, घेतला होता.