घरी नेला की

मेनरोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात एक काका मला हटकून भेटतात आणि डोकं फिरवतात. पेन चालवून बघायच्या कागदावर लोक एक रेघ मारतात. हे मान तिरकी करून, जीभ दातांत धरून अख्खा परिच्छेद लिहितात. मागे आम्ही ताटकळतो. मग टोपण लावून पेन परत ठेवतात!

काल मी वैतागून म्हणालो, "अहो काका, आवडलाय ना? घेऊन टाका की एकदाचा!"

"घेतले हो पुष्कळ," ते शांतपणे म्हणाले, "पण घरी नेला की एकही लिहीत नाही."

मला असा राग आला! माझ्या घरच्या खणात कोऱ्या वह्यांवर पेनच पेन पडलेत. तरी त्यांच्या नाकावर टिच्चून मी आणखी एक घेतला.

अजून पिशवीतच आहे.