नावाची जागा मोकळी सोडलेली अंगाई

"थांबा सिस्टर, नाव राहिलं!" मी काचेआडून ओरडलो.

लातूरच्या माझ्या रेकॉर्डिंग स्टुडिओत सिस्टर ग्रेसी अंगाई म्हणत होत्या. ओळीच्या शेवटी बाळाचं नाव यायला हवं, तिथं त्या नुसत्याच गुणगुणल्या.

"नाव नको, भाऊ. एकीचं घेतलं की दुसरी रडते."

सिस्टर मूळच्या केरळच्या. भूकंपानंतर किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडात राहायला आल्या आणि तिथल्या बायकांकडून अशी मराठी शिकल्या, की लातूरकरांनी शिकवणी लावावी. शेडातली पोरं अंधार पडला की जमीन हलल्यासारखं वाटून बाहेर पळायची. सिस्टर एकेकाला मांडीवर घेऊन, त्याचं नाव घालून गायच्या, तेव्हाच ती निजायची. शेडं मायंदळ, सिस्टर एकट्या. म्हणून कॅसेट.

आणि आवाज म्हणाल तर, पहिल्याच टेकला माझा ढोलकीवाला डुलकी लागून ढोलकीवर कोसळला. तो धप्प आवाज कॅसेटमध्ये तसाच आहे. लोकांना वाटतं, सम आली.

मास्टर म्हणजे मूळ कॅसेट. तिच्यावरून शेडांपुरत्या कॉप्या काढल्या. पोचवणाऱ्या जीपवाल्यानं एक स्वतःला ठेवून घेतली. तिथून जी सुटली, ती पार नांदेडपर्यंत.

तेव्हा लातुरात क्लासेसना नुसता ऊत आला होता. फिजिक्सच्या एका सरांनी होस्टेलवर ती कॅसेट लावली. परीक्षेच्या धास्तीनं जागणारी पोरं झोपली. त्यातली एक पोरगी मेरिटमध्ये आली. झालं! अंगाईतल्या मोकळ्या जागेत प्रत्येक आईनं आपापलं लेकरू घातलं. बारावीच्या तोंडावर शेडापुढं जीपांची जत्रा भरली.

"सिस्टर, आमच्या प्रशांतचं नाव घेऊन एकदा म्हणा की," कंधारच्या एक बाई म्हणाल्या.

"बारावीचा मुलगा मांडीवर कसा घेऊ, ताई?"

"घ्या हो. वजन न्हाई त्याला. अभ्यासानं पार वाळून गेलाय."

मी खदखदून हसलो. शेडातली पोरं मात्र रांगेच्या मागं उभी होती. दिवेलागण झाली तरी त्यांची पाळी आली नाही.

मग सिस्टरच्या वरच्या मदर थेट स्टुडिओत आल्या. "हे थांबवा."

"मदर, कॅसेट आता माझ्या हातात न्हाई. आख्ख्या मराठवाड्याच्या हातात हाय."

"मग सिस्टरला थांबवावं लागेल. आमच्यात गाणं देवाचं असतं. नाव कुणाचं होऊ द्यायचं नसतं."

"अन् शेडातल्या पोरांचं काय?"

"त्यांच्याकडं कॅसेट आहे ना?"

सिस्टरची केरळला बदली झाली. जाताना त्या पोरांना भेटल्या, मला नाही. बरोबरच आहे.

मी स्टुडिओतला सगळ्यात भारी प्लेअर घेऊन शेडात गेलो. कॅसेट लावली. पोरं पडली, पण डोळे टक्क उघडे. रुक्मीण म्हणून एक चिमुरडी होती, ती उठून प्लेअरपुढं बसली.

"सिस्टर माजं नाव घेईनात."

मी पॉज दाबून माझ्या भसाड्या आवाजात 'रुक्मीण' म्हणालो. लगेच दुसऱ्या पोरानं आपलं नाव सांगितलं. मग तिसऱ्यानं. मी पॉज दाबत गेलो, नावं घेत गेलो. एकही झोपलं नाही.

आता मी लग्नाची रेकॉर्डिंगं घेतो. अंगाईचं काम आलं की सांगतो, घरीच म्हणा.