डॉक्टरमामांचं सोवळं

कॉफीच्या दुकानात शेजारी उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या पेल्यात डोकावून "साखर अर्धी करा" असं बजावणारा माणूस अख्ख्या कुंभकोणम्‌मध्ये एकच होता, आणि तो माझा मामा होता. नोकरी बँकेतली, पण तिथल्या आमच्या पिढीजात मराठी घरांत त्यांना सगळे डॉक्टरमामा म्हणत. लग्न कुणाचंही असो, पायसम् वाढणाऱ्याच्या मागोमाग मामा पानापानावर सल्ला वाढत जायचे. वधूपिते हसत हसत दातओठ खायचे.

मामांना स्वतःला विशीतच शुगर लागलेली. गोळ्यांवर भागण्यातली नव्हे, पहिल्यापासून इन्सुलिनची सुई. एरवी ती ते घड्याळ लावून घेत, पण एकादशीला सुई बंद. "पोटांत कांहीं नाहीं, तर रक्तांत साखर कोठून येईल?" हा त्यांचा सिद्धान्त. ऐकायला बिनतोड, आणि साफ चुकीचा. मी पुण्याहून फोनवर तसं सांगितलं की म्हणायचे, "पुण्यांत जाऊन तुझें मराठी बिघडलें, आतां डोकेंही बिघडलें कां?" खरं मराठी काय ते तंजावरकडे उरलं, महाराष्ट्रानं आपलं केव्हाच नासवलं, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

श्राद्धाच्या दिवशी अडचण आणखी पवित्र व्हायची. इन्सुलिन फ्रिजमध्ये, आणि फ्रिजमध्ये कालचं रसम्, परवाचं डोशाचं पीठ. मामा त्याला 'खरकटी पेटी' म्हणत. सोवळ्यात तिला हात लागला की पुन्हा अंघोळ. "मामीनं काढून दिलं तर?" मी विचारलं. "बाटली तेथलीच कीं," मामा म्हणाले. गावाला औषधपाणी सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या औषधाचा विटाळ होत होता, आणि घरात कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

आजोबांची तिथी त्रयोदशीची. दोन वर्षांपूर्वी मीही गेले होते. एकादशीला उपास म्हणून सुई नाही. द्वादशीला मामांना ताप भरला, अन्न गेलं नाही, म्हणून सुई नाही. त्रयोदशीला सोवळं. पहाटेपासून मामा तांब्यामागून तांब्या पाणी पीत होते आणि सारखे परसात जात होते, दर खेपेला पाय धुऊन, आचमन करून पुन्हा पाटावर. मग उलटी झाली, पोट दुखायला लागलं. भटजींनी "पित्त झालें" म्हणून निकाल दिला. मामा लांब लांब, खोल श्वास घ्यायला लागले, तेव्हा एका म्हाताऱ्या नातेवाइकांनी चक्क हात जोडले. "काय प्राणायाम आहे ह्यांचा," ते म्हणाले. तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. मामी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "नैवेद्याचें केळें खाल्लें कीं काय ह्यांनीं? विचारूं तरी कसें?"

मी रिक्षा बोलवायला निघाले, तर मामांनीच अडवलं. "पिंड होऊं दे. बाबा उपाशी जातील." मी भांडले, पण त्यांचा मुलगा मुरली, मामी, भटजी, सगळे एका बाजूला. पिंड झाले आणि मामा पाटावरच कलंडले.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटचं इन्सुलिन कधी घेतलं? मामीनं अभिमानानं सांगितलं की उपास आणि सोवळं दोन्ही अगदी कडक पाळलं. डॉक्टरीणबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग तमिळमध्ये शांतपणे समजावलं: खाल्लं नाही तरी अंगाला इन्सुलिन लागतंच. तापात तर ते बंद करायचंच नसतं. ते नसलं की रक्तातली साखर वापरता येत नाही, अंग चरबी जाळायला लागतं आणि त्यातून रक्तात आम्ल साचतं. तो श्वास त्याचा, तो वासही त्याचाच. यात माणूस जातो, वेळेवर आला तर वाचतोही. मामी पदराचा बोळा करून ऐकत राहिली.

संध्याकाळी मामांना थोडी शुद्ध आली. त्यांनी नर्सला पहिला प्रश्न केला तो तमिळमध्ये, "तुझ्या घरी कुणाला शुगर आहे का?" मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया आली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

तेराव्याला पंगतीत एकच सूर. "केवढें पुण्य. बापाचें श्राद्ध करून गेला." मी म्हटलं, पितरांनी नेलं नाही त्यांना, घरात असलेलं औषध घेतलं नाही म्हणून गेले. पंगतीनं वडे पुन्हा मागवले.

मुरलीला वडिलांकडून शुगर मिळाली आहे, सुईसकट. मामांच्या वर्षश्राद्धाला तो ओलेत्यानं पाटावर बसला, आणि मामीनं फ्रिज उघडून, इन्सुलिन भरून सुई त्याच्यापुढे धरली. भटजी गडबडले. "मामी, ह्याचें सोवळें मोडेल."

"मोडूं द्या," मामी म्हणाली. "ह्याच्या बाबांचें मोडलें नाहीं, म्हणून आज त्यांचा पिंड करतों आपण."

भटजी दर्भ हातात धरून थांबले. मुरलीनं पोटाची चिमूट धरली आणि सुई टोचून घेतली.